ओढ्यापर्यंतचा चीक

“चीक इकत न्हाईत, वाटत्यात.”

हे आक्काचं ठरलेलं वाक्य. गाय व्याली की पहिले काही दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक, आणि त्याचाच खरवस करतात, हे तुम्हाला माहीत असेलच. डेअरीवाले तो घेत नाहीत आणि गावात कुणी विकला तर लोक त्याला नावं ठेवतात. तो शेजारीपाजारी वाटायचा. पण आक्काचं हे वाक्य काही गोठ्यापुरतं नव्हतं. दारच्या शेवग्याच्या शेंगा, भाचीचं लग्न जमल्याची बातमी, पिरंगुटला कुठल्या दुकानात तेल स्वस्त लागलं याची खबर, सगळ्याला तिचा हाच कायदा होता. उजव्या हाताचा तळवा उताणा करून पुढे धरायची आणि म्हणायची, “नवं आलं की वाटायचं. ठिवलं की नासतं.”

भरे गावात मी तिच्या खोलीत भाड्याने राहत होतो. घरामागे तिने खोल्यांची एक रांग काढली होती. बाकीच्या खोल्यांत आसपासच्या कंपन्यांत कामाला जाणारी मंडळी, सगळी शिफ्टवाली. दिवसभर खोलीत बसून काम करणारा मी एकटाच, त्यामुळे माझ्याबद्दल तिला सुरुवातीला जरा संशयच होता. मी तिला ‘अहो आक्का’ म्हणायचो. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली, “अहोबिहो ऱ्हाऊ दे. आधी काम काय करतोस ते सांग.”

आता काय सांगावं? मी एका वेबसाइटसाठी दर आठवड्याला स्वतंत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांबद्दल लिहितो. म्हणजे ज्यांच्यामागे ना सिनेमा ना कंपनी, जे स्वतःच गाणं लिहितात, स्वतःच चाल लावतात, कुठल्यातरी खोलीत गाद्या भिंतीला लावून रेकॉर्ड करतात आणि मग नेटवर टाकून कुणी ऐकतंय का ते बघत बसतात, अशांच्या बातम्या. कुणाचं नवं गाणं आलं, कुठला बँड फुटला, येत्या हंगामात कुठल्या महोत्सवाला जावं आणि कुठल्याला जाऊन उन्हात डोकं तापवून घेऊ नये. हे सगळं मी तिला नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी पेपर टाकतोस.”

मी हो म्हटलं. माझ्या धंद्याची याहून बरी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

त्यानंतर धारेच्या वेळी गोठ्यात जाऊन तिला गाणी ऐकवायची सवय मला लागली. माझ्या इअरफोनमधला एकच बोंडूक ती घ्यायची, पदराने पुसायची आणि उजव्या कानात घालायची. डावा कान गाईसाठी मोकळा. मग धार काढता काढता एकेकाचा निकाल लावायची. “ह्यो गातोय का रडतोय?” “हिचा गळा चांगला हाय, पर प्वाटात काय न्हाई.” “समदं वाजवून झाल्यावर ह्यो गायला लागतुया, तवर माझी बादली भरली.” यातली कितीतरी वाक्यं मी जरा इस्त्री करून माझ्या लेखात घातली आणि वाचकांची शाबासकी घेतली. तिचं सगळंच बरोबर असायचं असं समजू नका. एका फार चांगल्या गायकाला ती कायम नापास करायची, कारण त्याचा आवाज तिच्या धाकट्या दिरासारखा होता आणि दिराने तिचा बांध कोरला होता.

आमच्या या गाण्यांच्या जगात एक भांडण कधी मिटत नाही. गाणं विकत न घेता एकमेकांना पाठवणं ही चोरी की प्रसार? एक गट म्हणतो, गाणाऱ्याच्या ताटातला घास काढून घेऊ नका. दुसरा म्हणतो, फिरलंच नाही तर ते गाणं कुणाला कळणार? माझ्या लेखाखाली लोक या विषयावर आठवडाभर एकमेकांची आई-बहीण काढायचे, आणि मी दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा असायचो. एकदा हे भांडण मी आक्कापुढे मांडलं. तिने धार थांबवली, तळवा उताणा केला.

“चीक इकत न्हाईत, वाटत्यात. ह्यात भांडायचं काय हाय?”

मी ते वाक्य मथळा म्हणून टाकलं. माझं इतकं कौतुक आधी कधी झालं नव्हतं. कुणीकुणी मला ग्रामीण शहाणपणाचा भाष्यकार वगैरे म्हणालं. मी ते आक्काला वाचून दाखवलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला सांगून आली.

चीक वाटायला मी तिच्याबरोबर एकदा गेलोही होतो. मारुतीच्या देवळापासून सुरुवात. हातात मोठी किटली, खांद्याला कापडी पिशवी. प्रत्येक दारात थांबायचं, त्या घरच्या पातेल्यात वाटीभर चीक ओतायचा, गाय कशी आहे, वासरू कसं आहे ते सांगायचं. मग त्या घरची बाई मूठभर तांदूळ आक्काच्या पिशवीत टाकायची. चीक आणणाऱ्याला रिकाम्या हाताने माघारी लावायचं नाही, अशी रीत. असं करत करत आम्ही ओढ्यावरच्या मोरीपाशी, म्हणजे छोट्या पुलापाशी आलो. तिथे शेवटचं घर. आक्काने किटली उपडी करून मला दाखवली आणि म्हणाली, “झालं गाव.” मग आम्ही मागे फिरलो. सकाळ छान होती आणि मला एका घरी पोहेही मिळाले होते.

रिहे खोऱ्यात जाणाऱ्या रस्त्याला एक रिकामी पोल्ट्रीची शेड आहे. तिथे प्रज्ञा आणि तिचे दोन साथीदार सरावाला यायचे. प्रज्ञा पौडची. गाणी तिची, गळाही तिचाच. त्या वर्षी आमच्या भागातल्या नव्या गाणाऱ्यांत तिच्याइतकं कुणी मला आवडलं नव्हतं. आक्का स्कूटीवरून तिकडच्या फार्महाउसांना दूध घालायची, या तिघांच्या चहालाही घालू लागली, आणि हळूहळू दूध दहा मिनिटांत घालायचं नि सराव तासभर ऐकायचा असं सुरू झालं. पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसायची. तिची पहिली चौकशी अर्थातच, “कुणाची गं तू?”

“पौडची,” असं म्हणून प्रज्ञा हसली आणि गिटारच्या तारा जुळवायला लागली.

दोघींचं मात्र मस्त जमलं. प्रज्ञा तिला ‘आक्का, तू’ म्हणायची. आक्का तिला चहात साखर कमी घातल्याबद्दल रागवायची आणि गाण्याच्या मध्येच “जरा दमानं घे की” म्हणायची. प्रज्ञा खरंच दमानं घ्यायची.

त्याच सुमाराला प्रज्ञाने एक गाणं केलं. एक बाई दुसऱ्याच्या वावरात भाताच्या लावणीला जाते, दिवसभर वाकून रोपं लावते आणि तिन्हीसांजेला ओढा ओलांडून आपल्या घरी येते. गाण्यात याहून जास्त काहीच घडत नाही. पण शेवटी ती बाई ओढ्यात पाय धुते आणि पाण्यात दुसऱ्याच्या वावराची माती जाताना बघत राहते, तिथे प्रज्ञाचा आवाज असा खाली यायचा की शेडमध्ये कुणी हलायचं नाही. आक्काने ते ऐकलं आणि बराच वेळ क्रेटवरून उठलीच नाही.

“ही आपल्या गावची बाई हाय,” ती म्हणाली. “वळखीची वाटतीया.”

धरणाच्या काठावर एक महोत्सव व्हायचा होता. आयोजकांनी प्रज्ञाला संध्याकाळचा पहिला मान दिला होता. अट एकच होती की सुरुवातीचं गाणं आधी कुठेही वाजलेलं नसावं. कुठल्या महोत्सवात काय ऐकावं याची निवड मी लिहिली, तेव्हा सगळ्यात वर लिहिलं की हे गाणं चुकवू नका.

आक्काने प्रज्ञाच्या मागे लकडा लावला, “माझ्या फोनात टाक की. धार काढताना ऐकीन.” प्रज्ञाने टाकलं. माझ्यासमोर टाकलं. आणि म्हणाली, “ऐक, पण बाहेर कुणाला देऊ नको हां आक्का. महोत्सवात पहिल्यांदा गाणार आहोत.”

“व्हय गं,” आक्का म्हणाली.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आक्काने ते गाणं नेटवर टाकलं नाही, कुठल्या ग्रुपवरही नाही. ते तिला जमतही नव्हतं. दूध घालायला ज्या घरी जाईल तिथे आपला फोन त्या घरच्या सुनेच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “आपल्या गावचं गाणं हाय. टाकून घ्या.” मारुतीच्या देवळापासून मोरीपर्यंत. आपण शब्द मोडतोय असं तिच्या मनातही आलं नाही. बाहेर म्हणजे परक्यांना. गाव काय परकं होतं?

मग गावात एक हळद आली. मी खोलीत होतो. डीजेच्या भिंतीने माझ्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि अचानक त्या धडधडीच्या खालून प्रज्ञाचा आवाज वर आला. ओढ्याच्या ओळी दुप्पट वेगाने पळत होत्या आणि दर दोन ओळींनंतर एक माणूस ओरडून त्या डीजेचं नाव सांगत होता. मी बाहेर आलो तर आक्का अंगणात उभी. चेहरा नुसता फुलून आलेला. “ऐकलंस का? आपलं गाणं,” ती म्हणाली. मी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मला शेडवर जायचंच होतं. पोचलो तेव्हा प्रज्ञा फोन हातात घेऊन भिंतीला टेकून बसली होती. महोत्सवाच्या दिवसासाठी गाणं नेटवर चढवून ठेवायला गेली तर उत्तर आलं होतं, हे गाणं दुसऱ्या कुणाच्या मालकीचं आहे. त्या डीजेने आपली आवृत्ती आधीच नेटवर चढवून आपल्या नावाने नोंदवून ठेवली होती. स्वतःचंच गाणं चोरल्याचा आरोप एका यंत्राने तिच्यावर केला होता. आयोजकांचाही फोन येऊन गेला होता. संध्याकाळचा मान गेला, आता दुपारी मिळेल ती वेळ.

तेवढ्यात आक्का आली. दुधाची पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “पोरी, तुझं गाणं हळदीत वाजलं. लोकं काय नाचली.”

प्रज्ञाने मान वर केली. “कुणाला दिलंत तुम्ही?”

‘तुम्ही’ ऐकून आक्काचा चेहरा बदलला. “गावाला,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला न्हाई. तू म्हनलीस बाहेर देऊ नको. मी कुटं बाहेर दिलं? डेरीला न्हाई घातलं. घरोघर वाटलं. गावचं गाणं, गावाला दिलं. चीक...”

तिचा तळवा वर आला होता.

“माझी आज्जी तुमच्याच गावात राहते,” प्रज्ञा म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ओढ्यापलीकडे, विहाराच्या मागं. हे गाणं तिच्यावर आहे. तिला महोत्सवात पुढच्या खुर्चीत बसवून मी ऐकवणार होते. तुमच्या गावातल्या प्रत्येक घरी ते तुम्ही हातानं नेऊन दिलं. तिनं ते काल हळदीत ऐकलं, लांबून, त्या माणसाच्या ओरडण्यासकट. तिला कळलंसुद्धा नाही की ती बाई तीच आहे.”

आक्काचा तळवा तसाच वर राहिला होता.

“चीकही कधी आला नाही आमच्याकडं. लहानपणी सुट्टीत मी आज्जीकडं असायचे. गाय व्याल्याचं कळायचंच की. मोरीपर्यंत तुम्ही आलेल्या दिसायचात. मग वळायचात.”

आक्काने तळवा खाली घेतला आणि पदरात धरला. तो हात तिने नंतर किती वेळ तसाच झाकून ठेवला होता, मी बघत होतो. मग ती खाली बघत म्हणाली, “म्हनूनच वळखीची वाटली.” आणि स्कूटी न चालू करता ढकलत रस्त्यापर्यंत गेली. शेडमध्ये आम्ही कुणी तिला थांबवलं नाही.

मला तेव्हा फार लाज वाटली, आणि ती नुसती आक्काची नव्हती. तिचं वाक्य मथळ्यात मिरवणारा मी त्या सकाळी किटलीमागून चालत गेलो होतो. ‘झालं गाव’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मोरीपलीकडची निळी कमान आणि त्यामागची घरं मला तिथून दिसत होती, आणि माझ्या मनात पोह्यांचा विचार होता.

आक्का दोन दिवस गोठ्याबाहेर आली नाही. मग एका सकाळी माझ्या दारात उभी राहिली. “चल माझ्यासंगं. ते पुसायचं कसं ते मला येत न्हाई.”

आम्ही पुन्हा देवळापासून सुरुवात केली. तुम्ही खेड्यात राहिला नसाल तर यात काय अवघड होतं ते कळणार नाही. दिलेली वस्तू परत मागणं याच्यासारखी नामुष्की नाही. गाईचं दूध आटलं तरी चालेल, पण दारात जाऊन “दिलेलं माघारी दे” म्हणायचं नाही. आक्का प्रत्येक दारात गेली. एकच वाक्य म्हणायची, “ते गाणं पुसा. ते माझं नव्हतं.” मी त्यांच्या फोनमधून ते काढायचो. ती बाजूला उभी राहायची, हात पदरात.

काहींनी मुकाट्याने फोन दिला. एका दारात एक पुरुष मोठ्याने हसला. “आक्का, वाटलेला चीक माघारी मागतीस व्हय? म्हातारपणी येड लागलं का?” त्याची बायको आतून म्हणाली, “येवढं काय त्यात? त्या वस्तीतल्या पोरीचं तर गाणं.” आक्का तिच्याकडे बघत राहिली. ते बोलणं तिला नवीन नव्हतं. माझी खात्री आहे की तिने ते आयुष्यभर ऐकलं होतं, आणि स्वतःही कधीतरी बोलली असेल. पण त्या दिवशी ती लगेच हलली नाही. “फोन दे,” एवढंच म्हणाली आणि मिळेपर्यंत दारातून हटली नाही.

डीजेवाला पलीकडच्या गावचा. त्याच्याकडे गेलो तर तो खुर्ची देऊन म्हणाला, “आक्का, मीबी वाटलंच की. तूच म्हनतीस ना, नवं आलं की वाटायचं.”

“तुझं नाव घालून वाटलंस,” आक्का म्हणाली. मग जरा थांबून, “आन् मी माझं घालून.”

त्याने ते नेटवरून काढलं. अगदी राजीखुशीने नाही, पण आक्का त्याच्या स्पीकरवर बसून राहिली होती आणि त्याला ते कुठेतरी भाड्याने पाठवायचे होते. प्रज्ञाचं गाणं पुन्हा प्रज्ञाच्या नावावर झालं. पण गाणं एकदा कानांत गेलं की ते कुठल्या बटणाने पुसायचं? गावात पोरं ते गुणगुणत होतीच. आक्का रस्त्याने जाताना कुणी शीळ घातली की ती मान खाली घालायची.

महोत्सवात प्रज्ञा दुपारी गायली. बरीचशी माणसं सावलीत जेवत होती. आज्जी मात्र पुढच्या खुर्चीत होती, पांढरं लुगडं, गुडघ्यावर दोन्ही हात. मी माझ्या लेखात वेळ बदलल्याचं लिहिलं होतं, पण उन्हात कोण येतो? तरी जे आले ते शेवटपर्यंत उभे राहिले. आक्का आली नाही. दुसऱ्या दिवशी धार काढताना तिने फक्त विचारलं, “म्हातारी आली व्हती?”

“होती.”

“कुटं बसली व्हती?”

“पुढं.”

तिने मान हलवली. मी इअरफोन पुढे केला तर तिने घेतला नाही. त्यानंतर तिने कधीच घेतला नाही. शेडवरचं दूध तिने बंद केलं नाही, पण पिशवी फाटकाला अडकवायची आणि हॉर्न न वाजवता निघून जायची. प्रज्ञाने एकदोनदा हाक मारली, असं ती मला म्हणाली. आक्काला ऐकू आलं नसेल, असंही म्हणाली. आक्काला सगळं ऐकू येत असे.

आक्का गेल्या वर्षी गेली. गोठ्याच्या जागेवर आता आणखी खोल्या झाल्या आहेत आणि गाय कुणाकडे गेली मला माहीत नाही. ती असती तर तिने पुढचं मला सांगू दिलं नसतं.

महोत्सवानंतर काही महिन्यांनी गाय व्याली. आळीला बातमी लागली, पातेली घासून तयार झाली. आक्काने सकाळची धार काढली, किटली भरली, झाकण लावलं आणि माझं दार वाजवलं. “चल. मला एकटीला जाववंना.”

मला वाटलं, देवळाकडे वळेल. ती सरळ मोरीवर गेली. मोरीवर जरा थांबली. किटली या हातातून त्या हातात घेतली. मग ओढा ओलांडला. या गावात सून म्हणून आल्यापासून म्हातारी होईपर्यंत ती त्या बाजूला कधी गेली होती का, हे मी विचारलं नाही. मीही त्या दिवशीच पहिल्यांदा जात होतो.

विहाराच्या मागचं घर. आज्जी ओट्यावर उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. आक्का अंगणात उभी राहिली आणि तिला हाकच मारता येईना. सबंध गावात प्रत्येक बाई तिची कुणी ना कुणी होती, काकी, वैनी, आत्याबाई, नणंद. या बाईला काय म्हणायचं, ते तिच्याकडे नव्हतं. इतकी वर्षं आपल्याच वावरात लावणीला येणाऱ्या या बाईला ती नुसतं ‘अगं ए’ म्हणत आली होती. ती तोंड उघडायची आणि मिटायची.

आज्जीनेच वर बघितलं. “कोन? ये की. उभी का?”

आक्काने किटली ओट्यावर ठेवली. “गाय याली.”

“कालवड का गोऱ्हा?”

“कालवड.”

“बरं झालं,” आज्जी म्हणाली. झाकण काढून तिने आत बघितलं. काठोकाठ भरलेली किटली. “येवढा? बाकीच्यांला?”

“ह्यातला कुनाला न्हाई दिला,” आक्का म्हणाली. “समदा तुझा. तुला वाटायचा तर तू वाट.” मग तिला अजून काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलत होते. “माझं चुकलं,” असं असावं, पण ते बाहेर आलं नाही. आज्जीनेही त्याची वाट बघितली नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठली, किटली आत घेऊन गेली, पातेल्यात ओतल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा पुसून कोरडी केलेली किटली तिच्या हातात होती, आणि निवडलेल्या तांदळाच्या सुपाकडे वळून ती म्हणाली, “पिशवी न्हाई आणलीस?”

आक्काने पिशवी आणली नव्हती. या घरातून काही मिळेल, असं तिच्या मनातच आलं नसावं.

आज्जीने सुपातले मूठभर तांदूळ घेतले आणि किटलीत टाकले.

“रिकामं माघारी लावत न्हाईत,” ती म्हणाली. “म्हाईत हाय आमाला. तुझ्याच वावरात असायचो आमी. बांधावरनं समदं दिसायचं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती पुन्हा ओट्यावर बसली आणि तांदूळ निवडायला लागली.

आम्ही परत निघालो. पातेली घेऊन बसलेली आळी पुढे होती. मोरीवर आल्यावर किटलीतले तांदूळ पावलागणिक खुळखुळायला लागले. आक्काने किटली पोटाशी घेतली, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी गच्च धरली आणि देवळापर्यंत तशीच चालत गेली.